नव्यासारखी पुस्तकं

हायलायटरचा वास आला की लातूरच्या वसतिगृहातली ती खोली आठवते. बारावीनंतर मोबाईलवर जाहिरात बघून मी उमरीहून डॉक्टरकीच्या प्रवेशपरीक्षेची पुस्तकं घ्यायला गेले होते; अख्खा संच रद्दीच्या भावात होता. विकणारी मुलगी गादी गुंडाळत होती आणि तिचे वडील दारात उभे होते. मी चाळून बघितलं, तर सुरुवातीच्या धड्यांवर पिवळ्या रेघा आणि पुढं सगळं कोरं. "नवीच हायती की!" मी हरखून म्हणाले. "हाव," ती म्हणाली, "पुढं वाचणंच झालं न्हाई." वडील खाली बघत राहिले, आणि मला मात्र स्वस्तात मिळाल्याचाच आनंद. आज तोच संच मी विकायला काढला. तिच्या रेघांपुढं माझ्या रेघा जेमतेम दोन धडे गेल्या आहेत. जाहिरातीत मी लिहिलं, "नव्यासारखी."