एक स्कॅनर, आठ दुकानं

"तुमचं दुकान केवढं आहे?" कर सल्लागार सरांनी विचारलं.

मी हातांनी दाखवलं. बाजेएवढं.

सरांनी मला आलेली जीएसटीची नोटीस पुन्हा वाचली. "आणि एवढी विक्री?"



औंढ्याला नागनाथाच्या देवळाकडं जाणाऱ्या रस्त्यावर मी बेल, फुलं, नारळ, अगरबत्ती विकते. आमच्या तांड्यावरच्या आणखी सात जणींची दुकानं शेजारी ओळीनं आहेत. यात्रेकरू आता सुटे पैसे आणत नाहीत. स्कॅनर कुठंय, विचारतात. स्कॅनर म्हणजे मोबाइलवरून पैसे घ्यायचा चौकोनी कोड. तो फक्त माझ्याकडे होता. बाकीच्यांनी त्याची झेरॉक्स काढून आपापल्या दुकानाला लावली. मला विचारलं नव्हतं, आणि विचारायला हवं होतं असं मलाही वाटलं नाही. तांड्यावर एकीच्या दारात पाटा असला की सगळ्या त्यावरच वाटण वाटतात.

पैसे जमा झाले की माझ्या दुकानातला स्कॅनरसोबतचा बोलका डबा मोठ्यानं रक्कम सांगायचा. जिचं गिऱ्हाईक, ती तिथून ओरडायची, "माझे गं!" आठवड्याला बँकेतून काढून मी जिचे तिला देऊन टाकायचे. भांडण कधी झालं नाही. डबा सगळ्यांनीच ऐकलेला असायचा.

सरांनी समजावून सांगितलं. टर्नओव्हर म्हणजे नफा नाही, एकूण विक्री. ती ठरलेल्या मर्यादेच्या वर गेली की जीएसटीची नोंदणी करावी लागते. बेल-फुलांवर कर नाही, अगरबत्तीवर आहे. पण दोन्ही विकत असाल तर मर्यादा बघताना दोन्ही मिळून धरतात. आठ जणींची विक्री माझ्या एकटीच्या खात्यावर दिसत होती. मागितलेला कर आणि दंड दुकान विकूनही फिटला नसता.

"सातही जणींकडून लिहून आणा," सर म्हणाले. "आमच्या विक्रीचे पैसे हिच्या खात्यात आले आणि ते आम्हाला मिळाले, असं. सोबत प्रत्येकीची जागेची पावती. आणि तो स्कॅनर आजच काढा."

पहिलं दुकान सुंदराकाकूंचं. आमच्यात त्या मोठ्या. मी कागद पुढं धरला.

"नोटीस कुणाच्या नावाची हाय?"

"माझ्या."

"मग आमाला काहून ओढून राहिली? अंगठा दिला की उद्या आमच्या दारात येईल."

"न्हाई येत. एकेकीची विक्री मर्यादेच्या आत आहे."

"तुझ्या सरानं माझं दुकान पाह्यलं व्हय?"

बाकीच्या सहा जणी एकदम फुलांवर पाणी मारायला लागल्या.

मी कागद घडी करून ठेवला. मग सरांनी सांगितलेलं दुसरं काम केलं. आठही दुकानांचे कोड काढले. डबा बंद केला.

दुसऱ्या दिवशी सोमवार होता. गर्दी होती. स्कॅनर नाही म्हटल्यावर लोक उचललेला नारळ परत ठेवत होते. एकानं वीस रुपयांच्या बेलासाठी पाचशेची नोट दिली, मग नोट घेऊन गेला. बेल ठेवून गेला. माझ्याही दुकानात तेच चाललं होतं.

दुपारी काकू माझ्याजवळ येऊन बसल्या.

"डबा बिघडला का गं?"

"बंद केला. आता प्रत्येकीचा वेगळा घ्यायचा."

"आमाला भेटतो?"

"बँकेत खातं आहे ना? मग भेटतो."

"अन् बँकेत कोण बोलंल? तू?"

"मी येते संगं."

"मंग काल हे सांगायचं न्हाई? तोंडात काय बेलाचं फळ धरलं होतं? आण तो कागद."

काकूंनी अंगठा दिला. त्यांच्यामागून सहा जणी रांगेत आल्या.

हिंगोलीच्या जीएसटी ऑफिसात साहेबांनी मला एकटीला बोलावलं होतं. सर आले होते, आणि आम्ही आठही जणी गेलो. साहेबांनी आठ पावत्या बघितल्या, आठ जणींकडं बघितलं आणि सरांना म्हणाले, "सगळ्यांना कशाला आणलं?"

"मी नाही आणलं," सर म्हणाले.

काही दिवसांनी नोटीस मिटल्याचं पत्र आलं. मी सरांची फी दिली. त्यात काकूंनी स्वतःहून वाटा घातला, मग बाकीच्यांनाही घालावा लागला.

आता आठ डबे आहेत. एक बोलला की आठही जणी आपापल्या डब्याकडं बघतात. दुसऱ्याच्या विक्रीचा पैसा आपल्या खात्यात घेऊ नये, सरकारला ती आपलीच विक्री दिसते. तांड्यावर पाटा अजून एकच आहे. त्याबद्दल कुणी काही विचारलेलं नाही.