धनीरामची कबुतरं

कोंढ्यात कुणाला लकवा मारला की निरोप आधी धनीरामकडे जायचा. कबुतराचं गरम रक्त लुळ्या अंगाला चोळलं की हातपाय चालू होतात, अशी गावाची खात्री. आणि कबुतरं होती ती धनीरामकडे. पैसे तो घेत नसे. घरात तो आणि बायको राधाबाई, लेकरूबाळ नाही. त्यामुळे आलेल्याला चहा पाजल्याशिवाय सोडायचा नाही. तिकडे माणूस खाटेवर वाकडा झालेला आणि इकडे त्याचा भाऊ बशीत फुंकर घालत बसलेला. मला चीड यायची. ग्रामपंचायतीत मृत्यूची नोंद मी करतो. वर्षाला लकव्याची पाच-सहा नावं लिहायचो.

मग एका दुपारी भात रांधता रांधता राधाबाईच पडल्या. धनीरामने संध्याकाळपर्यंत तीन कबुतरं कापली. सकाळी त्या गेल्या. उपकेंद्राच्या सुलोचनाबाई नर्सनी त्याला तोंडावर सांगितलं, लगेच दवाखान्यात नेलं असतं तर कदाचित वाचल्या असत्या.

त्यानंतर त्याने कुणालाही कबूतर दिलं नाही. दारात आलेल्याला बसूही द्यायचा नाही. "येथं नोको थांबू. गाडी बोलाव, दवाखान्यात ने." लोकांनी शिव्या घातल्या, पण गाड्या बोलावू लागले. सुलोचनाबाईंनी घरोघरी बीपीच्या गोळ्या सुरू केल्या, त्याचाही मोठा हात. पुढे एका वर्षी माझ्या वहीत लकव्याचं एकच नाव होतं.

धनीरामला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "ते गेली तवाच मले समजलं. कबूतर देलो तं माणसं येतीन, नाही देलो तं वाचतीन." आणि कबुतरांना दाणे टाकत राहिला. तेव्हा पहिल्यांदा मला त्याचं वाईट वाटलं. तरी मीसुद्धा नंतर वर्षभर तिकडे फिरकलो नाही.

परवा गेलो. मला पाहताच तो धडपडत उठला.

"कोनाले लकवा मारला?"

"कोनाले नाही, धनीरामभाऊ."

"मंग कायले आला, भय्याजी?"

"चहा प्यायले."

तो चहा ठेवायला आत गेला. चुलीवर चहा उकळत होता आणि आतून भांड्यांचा आवाज येत होता. दुसरा कप त्याला बराच वेळ सापडला नाही.