माझ्या आईवरचा डोंगर

या माणसानं माझ्या आईवर डोंगर रंगवला.

हाकोब परवा गेला. बरं झालं, असं लिहिणार होतो, पण आईनं तसं शिकवलेलं नाही.

श्रूजबरीत आमच्या शेजारी राहायचा. आर्मेनियाहून आलेला पेंटर. एक नंबरचा खडूस. स्वतःच्या ड्राइव्हवेवरचा स्नो आमच्या बाजूला ढकलायचा आणि वर आमच्या फोडणीच्या वासाची कंप्लेंट करायचा.

आई त्याला हाकोबा म्हणायची, म्हसोबाच्या चालीवर.

आई नागपूरहून आली, त्या हिवाळ्यात त्यानं तिला चित्रासाठी बसवलं. त्याच्या गराजमध्ये, रोज दुपारी. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, तरी गप्पा चालायच्या.

एकदा डोकावून पाहिलं. हुबेहूब आई. चष्म्याच्या दांडीला बांधलेल्या दोऱ्यासकट.

"मी विकत घेतो," म्हटलं.

"नॉट फिनिश्ड."

आई परत गेली आणि वर्षभरात वारली. तेरावं करून आलो तो थेट त्याच्या गराजमध्ये.

इझलवर बर्फाचा डोंगर. आर्मेनियातल्या लोकांचा लाडका डोंगर, जो आता त्यांच्या देशात नाही, सीमेपलीकडे नुसता दिसतो.

"माझी आई कुठाय?"

त्यानं ब्रश डोंगराकडे केला. "अंडर."

नवा कॅनव्हास हा बाबा घ्यायचाच नाही. जुन्या चित्रावर नवं चित्र, ही त्याची पद्धत.

"आय टेल युअर मदर. शी लाफ. शी शो मी ब्लँकेट."

ब्लँकेट म्हणजे आईची गोधडी. जुन्या लुगड्यांवर लुगडी घालून शिवलेली, बॅगेत कोंबून इथवर आणलेली.

आईला चालत असेल. मला चालत नाही!

मी त्याला जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. मराठीत बोललो. त्याला सगळं कळलं.

त्यानंतर मेलबॉक्सपाशीसुद्धा आम्ही एकमेकांकडे पाहिलं नाही.

काल त्याची मुलगी तो कॅनव्हास घेऊन दारात. "डॅड सेड, धिस इज युअर्स."

सॉरी नाही, काही नाही. मेल्यावरसुद्धा अकड तीच.

माझी लेक म्हणते, "बाबा, इट्स सो ब्यूटिफुल." आहे ना. म्हणून तर जास्त राग येतो.

वरचा रंग काढून बघू या, असं एक मित्र म्हणाला. नको. खरवडताना आईलाच लागायचं.

हॉलमध्ये लावलाय. आज सकाळी आंघोळ करून आईला नमस्कार केला.

मध्ये तू, तुझा डोंगर घेऊन. उद्याही तूच असणार. रोज तुझ्या पाया पडणं आलं माझ्या नशिबी.

माफ केलेलं नाही, हाकोबा.

आईला सांभाळ. जा आता.