हात राखून

शाळेत तिला सगळे शिट्टीबाई म्हणत. पोहणं, बास्केटबॉल, लांब उडी, भालाफेक, जे म्हणाल ते ती शिकवायची. पण तिचा स्वतःचा खेळ एकच, बॅडमिंटन. वडील एका क्लबच्या हॉलची देखभाल करायचे. सभासद घरी गेले की लादी पुसायच्या आधी म्हणायचे, "खेळा काय ते, पण दिवे एकाच कोर्टाचे लावा." मग ती आणि दादा, सभासदांनी टाकून दिलेल्या, पिसं झडलेल्या शटलने जीव तोडून खेळायचे. धाकटी म्हणून दादाने कधी गय केली नाही. तिने कोपरा साधला की "आउट होतं, आउट!" म्हणून तावातावाने भांडायचा. हरली की ती रडायची आणि रडत रडतच पुढची सर्व्हिस करायची.

दादा नोकरीसाठी लांब गेला आणि तिथलाच झाला. तिने क्रीडाशिक्षकाचा अभ्यासक्रम धरला. तिथे सगळेच खेळ यावे लागत. तलाव बघून पहिल्याच दिवशी तिच्या तोंडचं पाणी पळालं आणि थोड्या वेळाने नाकात शिरलं. खोकत वर आली तेव्हा सर म्हणाले, "छान! माणूस कशाने बुडतो ते कळलं ना? आता पोरांना शिकवता येईल."

तसंच झालं. पोरं का चुकतात ते तिला कळायचं. शटल धीट पोराला किती लांब टाकायचं, भित्र्याला किती जवळ, हे हाताला आपसूक समजू लागलं. पोरं भराभर तयार झाली. ती मात्र जाळी गुंडाळताना रिकाम्या कोर्टाकडे बघत राहायची. कुणीतरी समोर उभं राहून आपल्याला धापा टाकायला लावावं, एवढंच तिला हवं होतं.

मागच्या सुट्टीत दादा आला. पोट सुटलं होतं, तरी दोघं शाळेच्या हॉलमध्ये उतरली.

"हात राखू नकोस हं," तो म्हणाला.

"मी? तूच सांभाळ."

थोडं खेळून दादा थांबला. "अगं, पळव की मला! सगळं हातात आणून देतेयस."

तिने दातओठ खाऊन स्मॅश मारला. शटल थेट दादाच्या रॅकेटवर. पुन्हा मारला, पुन्हा तेच. रिकामा कोपरा दिसत होता, पण हात ऐकेना. दादा हसला, मग तिचा चेहरा बघून जाळीजवळ आला.

"पोरांचं नशीब चांगलं," तो म्हणाला.

"आणि माझं?"

दुसऱ्या दिवशी तो गेला.

त्या रविवारी ती शहराच्या दुसऱ्या टोकाच्या एका हॉलमध्ये गेली. तिथे तिला कुणी ओळखत नव्हतं. दातांच्या एका डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "हळू खेळू का?"

"नको."

बाईंनी तिला धूळ चारली. आता ती दर रविवारी जाते. खांदा दुखतो, पण कधीमधी कोपरा साधतोही. साधला की ती जाळीपलीकडे बघते. "आउट होतं, आउट!" म्हणून तावातावाने भांडणारं तिथे कुणी नसतं. डॉक्टरीणबाई "सुंदर" म्हणतात आणि शटल उचलून परत देतात.