आपोआप सेव्ह

आम्ही हौशी मंडळी मिळून लिखाणाचं एक मोफत सॉफ्टवेअर बनवतो. त्यातलं 'आपोआप सेव्ह' मुळात बंदच असावं, असा वाद महिनाभर घालून मी मोठ्या थाटात जिंकलो. मग एके सकाळी आमच्या तेलीबाग भागातली वीज गेली, संगणक बंद पडला आणि बायकोने आमच्याच सॉफ्टवेअरमध्ये नुकतीच लिहिलेली प्रबंधाची पाच पानं उडाली.

"हे बंद कोणी ठेवलंय?" तिने विचारलं. आमच्या मंडळींच्या चर्चा इंटरनेटवर सगळ्यांना खुल्या असतात. तिने फोनवर शोधून माझंच वाक्य मोठ्याने वाचलं: "अक्कल असलेला माणूस स्वतः चालू करेल."

"अच्छा! म्हणजे मला अक्कल नाही?"

मी लगेच ते चालू ठेवण्याचा बदल सुचवला. कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'अक्कल माझीच कमी पडली.' त्यावर कोणीही हरकत घेतली नाही.