खाटेला बांधलेलं वजन

वजन जागेवर लटकत होतं आणि तरी वरची दोरी ढिली होती. वॉर्डात सिस्टर म्हणून माझे केस पिकले, पण असं कधी पाहिलं नव्हतं.

पेशंट पांडू तांडेल. तांडेल म्हणजे बोटीचा म्होरक्या. मालवणच्या किनाऱ्यावर होडी ओढताना खालचा ओंडका निसटला आणि त्याचं मांडीचं हाड मोडलं. शुगर खाली येईपर्यंत ऑपरेशन नाही, तोवर ट्रॅक्शन. हे हाड मोडलं की भोवतीचे दणकट स्नायू आखडतात आणि मोडकी टोकं एकमेकांवर चढतात. पाय आखूड होतो. म्हणून नडगीच्या हाडातून स्टीलची पिन घालायची, पिनेला दोरी, दोरी खाटेच्या टोकाला असलेल्या कप्पीवरून खाली आणि तिला वजन. ते अधांतरी लटकलं तरच पाय ओढला जातो.

आणि आमचा तांडेल खाली सरकून, घामाघूम होऊन, दात आवळून पडलेला. मांडी टरारून फुगलेली, पाऊल बाहेर वळलेलं.

"कधीपासून दुखतंय?"

"जेवल्यापासून. माका वाटला, कमी जायत."

पावलावरची नाडी चाचपली. लागेना. पुन्हा चाचपली तेव्हा लागली, बारीक, पण लागली. बोटंही हलवली त्याने. मग कुठे मी खाली वाकून पाहिलं.

कप्पी आणि वजन यांच्यामध्ये दोरी खाटेच्या दांड्याला करकचून बांधलेली. वजन खाटेला ओढत होतं, पायाला नाही. धाकटा भाऊ बाबी बाजूलाच उभा होता.

"वजनाला हात लावू नका म्हणून बजावलं होतं ना?"

"हात खंय लावलंय, सिस्टर? नुसती दोरी बांधलंय. वजन सारखा हलत होता. बोटीर लटकता ता बांधूकच होया, नायतर कोणाचा तरी टकला फुटता."

मी वॉर्डाच्या डॉक्टरांना हाक मारली. सर धावत आले. गाठ त्यांना सुटेना, मलाही सुटेना. शेवटी बाबीनेच सोडली.

"हा जन्मभर लंगडला असता," सर म्हणाले.

बाबी भावाच्या पायाकडे वळला. "मगे तो बोटीर उभो कसो ऱ्हवतलो?"

एक्स-रेत टोकं पुन्हा एकमेकांवर चढलेली दिसली. सरांनी वजन वाढवलं. हाड जागेवर येईपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नव्हता. पुढे शुगर उतरली, मांडीत रॉड पडला. तांडेल आज बोटीवर दोन्ही पायांवर सरळ उभा राहतो.

मधल्या काळात बाबी खाटेच्या पायथ्याशी स्टूल टाकून बसे. झाडूवालीला तो वजनाच्या आसपास फिरकू देत नसे. एकदा राउंडला सर वजन तपासायला वाकले, तर याने त्यांचाच हात धरला. "डॉक्टरानु, सिस्टरीक विचारल्याशिवाय हात लावू नकात."

तेव्हापासून नातेवाइकांना मी नुसतं 'हात लावू नका' म्हणत नाही. का लावायचा नाही, तेही सांगते. त्याला चार वाक्यं जास्त लागतात, एवढंच.