तीनशे एकोणपन्नासची रेघ

आमच्या ह्यांच्या हातांबद्दल कुणी काही बोललं की माझं डोकं फिरतं. बोटांची कातडी ठिकठिकाणी आवळलेली, चट्टे पडलेले. नवीन माणूस हमखास विचारतो, भाजलं का? मी म्हणते, हो, भाजलं. सगळं सांगत बसायला कुणाला सवड आहे? पण आज सांगतेच.

ह्यांचं नाव चंद्रभान. गाव सोनपेठच्या अलीकडं, गोदावरीकाठचं. माझ्या सासूबाई, बायनाबाई, दुसऱ्याच्या रानात मजुरीला जायच्या. पोराला शाळेत धाडायच्या आधी चुलीतली राख घेऊन त्याचे हातपाय असे घासायच्या की रक्त यायचं तेवढं बाकी राहायचं. पाणी वरून ओतून देणारं गाव ते. आपल्या लेकराला कुणी घाणेरडा म्हणू नये, एवढंच त्या माउलीच्या डोक्यात. ते घासणं ह्यांच्या अंगात कायमचं बसलं. लग्न होऊन मी परभणीला आले तेव्हा बघितलं, हा माणूस पाणी पिण्याआधी तांब्या विसळतो नि पिऊन झाल्यावरही विसळतो. मी हसायची. म्हणायची, अहो, झिजेल की तो तांब्या!

हे एम.एस्सी. झाले, एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायला तात्पुरते लागले, नि तिथल्याच वझूरकर सरांकडं पीएच.डी.ला नाव घातलं. पीएच.डी. झाली की नोकरी पक्की करू, असं सरांनी कबूल केलं होतं. आमच्या वस्तीत तोवर कुणी डॉक्टर झालं नव्हतं, ना सुईचा ना पुस्तकाचा. सगळ्यांची नजर ह्यांच्यावर.

काम काय चाललंय ते जेवताना रोज सांगायचे, म्हणून मलाही पाठ झालं. धातूचा अणू मधी, नि भोवती दुसरे रेणू त्याला मिठी घालून बसलेले, अशी निळी पूड हे तांब्यापासून करायचे. ती हैदराबादच्या एका प्रयोगशाळेत जायची. तिथल्या यंत्रात, हवा काढून घेतलेल्या पोकळीत, ती तापवून तिची वाफ करतात. वाफेवर इलेक्ट्रॉनचा मारा करतात, नि रेणू कसकसा फुटतो ते एकेका तुकड्याचं वजन करून बघतात. कागदावर नुसत्या उभ्या रेघा येतात. जेवढं वजन, तेवढ्या आकड्यावर रेघ. ह्यांच्या तांब्याच्या रेणूचं वजन दोनशे एकसष्ट. त्याच्या लय पुढं रेघ यायलाच नको. फुटलेला तुकडा अख्ख्यापेक्षा जड कसा असेल?

पहिला कागद आला, त्यात तीनशे एकोणपन्नासवर एक बारकी रेघ होती.

वझूरकर सरांनी कागद बघितला, नि सगळ्या पोरांसमोर म्हणाले, "चंद्रभान, भांडी नीट धुतलेली नाहीत. धुण्याची सवय घरातूनच लागते."

त्या दिवशी हे जेवले नाहीत. मी समजूत घातली, सहज बोलले असतील. सहज कसलं डोंबलाचं! त्या प्रयोगशाळेत सगळ्यांचे चहाचे कप एका ट्रेमध्ये नि ह्यांचा तेवढा खिडकीत पालथा असायचा. ते मला नंतर कळलं.

मग धुणं सुरू झालं. काचेची भांडी धुवायला क्रोमिक ॲसिड असतं, नारिंगी रंगाचं, जहाल. बाकीचे एकदा बुडवून काढायचे, पहिल्या वेळी ह्यांनीही तेवढंच केलेलं. हे दिवस-दिवस भिजत ठेवायचे, काढायचे, पुन्हा बुडवायचे. शेवटी तर त्यात बोळा भिजवून हातानं घासायला लागले. बोटं पिवळी पडली, मग तपकिरी, मग सोलून निघाली. भाकरी मोडवेना, मी तुकडे करून द्यायची. त्याच भांड्यांत नवी पूड केली, हैदराबादला पाठवली.

दुसरा कागद आला. रेघ दुप्पट उंच.

ह्या वेळी सर नुसते हसले. बोलले असते तर बरं झालं असतं.

तेवढ्यात अठ्ठ्याहत्तरचा जुलै सरत आला. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव झाला नि मराठवाडा पेटला. कॉलेज बंद, शाळा बंद. सासूबाई गावाकडून नेसत्या लुगड्यानिशी आल्या. घर जळालं होतं. आमच्या दोन खोल्यांत गावची माणसं दाटीवाटीनं राहायली. मी भीतीनं अर्धी झालेली, नि हा माणूस कोपऱ्यात बसून आपली बोटं न्याहाळायचा. माझा तोल सुटला. म्हटलं, गाव जळायलंय नि तुमी बोटं काय बघायलात?

तर म्हणाले, "कुसुम, साबण लावलं, सोडा लावला, राखसुद्धा लावली. हा रंग जाईना. कातडीतून जात नाही, तर काचेवरून गेला असंल का?"

मी शिकवायची त्या शाळेतला खडू घरात होता, तो घेऊन ह्यांनी भिंतीवरच मांडलं. मिठी घालणाऱ्या रेणूचं वजन नव्याण्णव. धुण्याच्या ॲसिडात क्रोमियम हा धातू असतो, त्याला तसे तीन लागतात, म्हणजे दोनशे सत्त्याण्णव. क्रोमियमचे स्वतःचे बावन्न. बेरीज तीनशे एकोणपन्नास. ती रेघ घाणीची नव्हतीच, धुण्याची होती. ॲसिडातलं क्रोमियम काचेला चिकटून राहायचं, ते पुडीत उतरायचं, नि त्याची वाफ लय सहज उडते म्हणून कणभर असलं तरी रेघ उंच. जितकं जास्त घासलं तितकी ती वाढली. सासूबाईंना ह्यातलं काही कळलं नाही, पण लेक हसला म्हणून त्याही हसल्या.

कॉलेज उघडल्यावर ह्यांनी कोरी भांडी घेतली, साध्या साबणानं नि शुद्ध पाण्यानं धुतली. तिसरा कागद स्वच्छ आला. सर म्हणाले, बघ, मन लावून धुतलं की येतं की नाही? ह्यांनी सांगितलं, सर, ह्या वेळी कमी धुतलंय. सगळं उलगडून दाखवलं. सरांना पटलं, न पटायला काय झालं, पण सगळ्यांसमोर एकदा बोलून बसले होते, ते गिळायचं कसं? प्रबंधात त्या दोन कागदांबद्दल लिहायचं होतं. सर म्हणाले, लिही, पुरेशी स्वच्छता न राखल्यामुळे. ह्यांनी लिहिलं, धुण्याच्या ॲसिडामुळे. सरांनी लाल पेन्सिलनं खोडलं. ह्यांनी पुन्हा तेच टाइप करून नेलं. पुन्हा खोडलं. सर म्हणाले, एका ओळीसाठी कशाला ताणतोस, लिही नि सही घेऊन जा.

मी लय भांडले. दोन लेकरं पदरात, म्हटलं, टाका ती ओळ लिहून नि व्हा मोकळे. हे शांतपणे म्हणाले, "ती ओळ माझ्या आईच्या नावानं लागंल."

सासूबाई तिथंच चुलीपाशी तवा घासत बसल्या होत्या.

सही झाली नाही. दुसऱ्या मार्गदर्शकांकडं गेले, तर ते सगळे एकमेकांचेच. मुदत संपली, तात्पुरती नोकरीही गेली. मग जिंतूरच्या एका शाळेत विज्ञान शिकवायला लागले, ते अजून शिकवतात. मला राग येतो. सरांचा येतो नि कधीकधी ह्यांचाही येतो. हे कुणावर रागवत नाहीत, फक्त हात धुतात. कुणाच्या घरी ताटावर बसायच्या आधी दोनदा, कुणाला पाणी द्यायच्या आधी दोनदा. सासूबाई गेल्या त्या दिवशीसुद्धा मोरीतून लवकर बाहेर आले नाहीत.

यंदा संक्रांतीला, पंधरा-सोळा वर्षांनी, विद्यापीठाचं नामांतर झालं. गल्लीत निळा गुलाल उधळला, शेजारची पोरं पेढे घेऊन दारात आली. हे उठले नि सवयीनं नळाकडं वळले. मी आडवी गेले, नळ बंद केला. पोरांसमोरच म्हटलं, "नका धुऊ. हात स्वच्छ आहेत तुमचे. पहिल्यापासून होते."

ह्यांनी दोन्ही हात उलटसुलट करून बघितले. मग तसाच पेढा उचलला, अर्धा मला दिला. पोरांतला एक औरंगाबादला शिकायला आहे, त्याला म्हणाले, आता तुझ्या डिग्रीवर ते नाव येईल बघ. मला तिथंच रडू फुटलं. ह्यांचा प्रबंध आमच्या पत्र्याच्या पेटीत आहे, सहीची जागा कोरी ठेवून.